ओसरीवरून : झोपाळ्याची कडी

खांब रोवणारा गडी खड्डा बुजवून झाल्यावर लगेच हात झटकीत नाहीं. तो खांब दोन्ही हातांनीं धरून हलवितो. हलला तर आणखी माती घालून ठोकतो, आणि पुन्हां हलवून पाहतो. आपल्या शास्त्रकारांनीं ह्यास 'स्थूणानिखननन्याय' असें नांव दिलें आहे. सिद्धांत पक्का करावयाचा तर त्यास शंकांचे हादरे मुद्दाम द्यावे, असा त्याचा अर्थ. हा न्याय आम्हीं वर्गांत तीस वर्षें शिकविला. परंतु उतारवयांत तो आम्हांसच कोणी शिकवावा लागेल, आणि तोही शिडाच्या होडीवरील एका बोटभर कडीनें, असें आमच्या स्वप्नींही आलें नव्हतें. घडलें तें वाचकांपुढें ठेवितों. त्यांत आमची फजिती आहे. पण फजिती लपविणाऱ्या माणसानें सदर लिहूं नये.

बदलापुरास आमचें एकत्र कुटुंब राहतें. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या यंत्रशास्त्राची पदवीधर असून अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस आहे. तिनें व तिच्या तिघां स्नेह्यांनीं मिळून तीन वर्षांपूर्वीं एक जुनी, तीस फूट लांबीची शिडाची होडी घेतली. सुटीच्या दिवशीं इतर मंडळी नाटकास जातात, हीं चौघें समुद्रावर जातात. ही होडी शर्यतीची नव्हे. चार माणसांनीं शिधापाणी बरोबर घ्यावें, रात्रीं आंतच निजावें, आणि बंदरामागून बंदर करीत किनाऱ्यानें हिंडावें, अशा बेताची ती आहे.

बदलापूर कोठें आणि समुद्र कोठें, असें कोणास वाटेल. परंतु आमच्या गांवाजवळून वाहणारी उल्हास नदी पुढें कल्याणच्या खाडीसच मिळते, आणि इ. स. १६५७ मध्यें शिवाजीमहाराजांनीं कल्याण घेतल्यावर त्यांच्या आरमाराचा प्रारंभ त्याच खाडींत झाला. जवळच्या काळांतील उदाहरणें पाहिजेत तर तींही आहेत. एकट्यानें व कोठेंही न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले गृहस्थ रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ह्यांनीं १९६८-६९ सालीं तो पराक्रम ज्या 'सुहेली'वर केला, ती ३२ फुटी सागवानी नौका मुंबईच्याच कारागिरांनीं बांधलेली होती. एकट्यानें शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणजे नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे. १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबई सोडून, वाटेंत चार बंदरांत थांबून, ते मे २०१० मध्यें परतले. त्यांची 'म्हादेई' ही ५६ फुटी नौका गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्यांत तयार झाली. त्याच नौकेवर अभिलाष टॉमी ह्यांनीं २०१२-१३ सालीं न थांबतां प्रदक्षिणा केली. 'तारिणी'वरून २०१७-१८ सालीं नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी जगाभोंवतीं जाऊन आल्या, आणि २०२४-२५ सालीं दिलना के. व रूपा ए. ह्या दोघीच जाऊन आल्या. हीं नांवें आमच्या पुतणीस मुखोद्गत आहेत. घरांत कोणी "मुलीच्या जातीला" असा आरंभ केला कीं ती तीं म्हणून दाखविते.

आतां मुद्द्याकडे वळूं. शीड डोलकाठीवर ज्या दोरानें चढवितात त्यास इंग्रजींत हॅलयार्ड म्हणतात. शब्दाचें मूळ रूप 'हॅलियर', म्हणजे ओढणारा. शिडाच्या आडव्या काठीचें नांव 'यार्ड'. तिच्या सहवासानें लोकांनीं ह्या शब्दाचा शेवट बदलून घेतला. शब्दही दोरासारखेच, जेथें घांसतात तेथें झिजतात. आम्ही येथें त्यास 'चढता दोर' म्हणूं. त्याचा मार्ग असा : शिडाच्या वरच्या कोपऱ्यास कडी, कडीपासून दोर निघून डोलकाठीच्या शेंड्यावरील चाकावरून खालीं वळतो, बुडाशीं एका कप्पीवरून आडवा होऊन सुकाणूजवळच्या बैठकीपर्यंत येतो, तेथें क्लच नांवाच्या चिमट्यांतून जाऊन विंच नांवाच्या ढोलावर वेढे घेतो. विंचेनें ओढावयाचें आणि क्लचनें अडकवून ठेवावयाचें. कडी, दोर, चाक, कप्पी, क्लच आणि विंच हीं सहा एका रांगेंत आहेत. त्यांपैकीं एक फसलें म्हणजे उरलेलीं पांच निकामी.

गेल्या वर्षीं मार्गशीर्षांत तिच्या मोठ्या शिडाची कडी मोडली. ती म्हणाली, "मोठेकाका, नवी आणावी लागेल. पण चांगली घ्यायची तर बरीच महाग आहे."

आम्ही झोपाळ्यावर बसलों होतों. "बाजार कशाला?" आम्ही म्हणालों. "हा झोपाळा टांगतांना वडिलांनीं सहा कड्या आणल्या होत्या. चार येथें डोक्यावर आहेत, दोन कोठीच्या खोलींत आहेत. घरांतलीं पांच माणसें एका वेळीं बसतात, आणि चाळीस वर्षांत एकही कडी हूं म्हणाली नाहीं. त्यांतली एक ने."

ही कडी इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराची, आडवा खिळा आट्यांवर पिळून बसविण्याची. कारखान्यांतील लोक तिला शॅकल म्हणतात. ती कडी हातांत घेऊन पुतणी क्षणभर घुटमळली. तिला कांहीं बोलावयाचें होतें हें आम्हांस दिसलें. परंतु आम्ही घरांतील वडील, शिवाय जन्मभर शिक्षक. आणि त्या दिवशीं काटकसरीवर बोलण्याची आम्हांस लहर आली होती. ती गप्प बसली व कडी घेऊन गेली.

पुढचें वर्तमान आम्हांस महिन्यानें कळलें, आणि तेंही तिच्याकडून नव्हे. तिच्या स्नेह्यांपैकीं एक मुलगा आमच्याकडे जेवावयास आला असतां सहज बोलून गेला. मुरूडहून परततांना कोर्लईच्या डोंगराबाहेर सायंकाळीं वायव्येचा वारा वाढला. होडी वळवितांना शीड जोरानें फडफडलें, आणि कांहीं एक मोठा आवाज न होतां तें सबंध खालीं आलें. चढत्या दोराचें टोक मात्र सुटून शेंड्यापाशीं जाऊन बसलें. शिडाच्या पसाऱ्याबरोबर एक दोर पाण्यांत गेला आणि एंजिनच्या पंख्यांत गुंडाळला, एंजिनही बंद. पुढचें लहान शीड होतें, पण त्याच्या एकट्याच्या बळावर होडी वाऱ्याच्या रोखानें चढेना. वारा किनाऱ्याकडे लोटीत होता आणि अंधार पडत होता. मोठ्या शिडाखालची जी आडवी काठी, जिला बूम म्हणतात, तिचें टोक उचलून धरणारा एक निराळा दोर शेंड्यावरून आलेला असतो. आमच्या पुतणीनें तो सोडवून शिडाच्या डोक्यास बांधला आणि शीड पुन्हां चढविलें. ह्यांत पाऊण तास गेला. तोंपर्यंत खडकांवरचा फेंस दिसूं लागला होता.

तो मुलगा मोठ्या उत्साहानें सांगत होता. आमच्या भावजयीच्या हातांतील पळी तशीच राहिली. आम्हीं विचारलें, "कडी तुटली कीं काय?"

पुतणी खालीं पाहत म्हणाली, "तुटली नाहीं, मोठेकाका. खिळा फिरत फिरत निसटला." महिनाभर तिनें आमची अब्रू राखली होती.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. आमच्या हिशेबांत चूक कोठें झाली हें आम्ही शोधीत होतों. झोपाळ्यावर पांच माणसें, म्हणजे सुमारें तीनशें किलो. चार कड्यांवर वांटले तर प्रत्येकीस पाऊणशें. कडी त्याच्या कित्येक पट भार सोसण्यासारखी होती, आणि तिनें तो सोसलाही. चूक भाराच्या मापांत नव्हती. झोपाळ्याच्या कडीवर भार नेहमीं एकाच दिशेनें असतो. खिळा दाबला जातो, म्हणून जागचा हलत नाहीं. शिडाच्या डोक्याशीं तसें नाहीं. वारा भरला कीं ताण, होडी वळली कीं ढिलाई. मग शीड फडफडूं लागलें म्हणजे घटकेंत शेंकडों हिसके. प्रत्येक हिसक्यानें आट्यांवरचा खिळा केसभर फिरतो. कडीची शक्ति आम्हीं पाहिली होती, तिला हादरे मात्र दिले नव्हते. जो स्थूणानिखननन्याय फळ्यावर लिहून त्याखालीं दोन रेघा ओढल्या, तो स्वतःच्या ओसरीवर आम्हीं लावला नाहीं.

ह्याहून वाईट गोष्ट दुसरी होती. कडीला नाहीं तरी आमच्या शब्दाला हादरा देणारी एक व्यक्ति समोर उभी होती. आणि वडीलपणाच्या भारानें आम्हीं तिला बोलूं दिलें नाहीं.

ह्या पावसाळ्यांत होडी किनाऱ्यावर ओढून डोलकाठी उतरविली, तेव्हां आम्ही मुद्दाम पाहावयास गेलों. बारा मीटरांची ती काठी ठोकळ्यांवर आडवी ठेवली होती, म्हणून तिचा शेंडा प्रथमच डोळ्यांसमोर आला. समुद्रांत तो पाहणें सोपें नाहीं. होडी दोन्ही बाजूंस वीस वीस अंश डोलूं लागली तर बारा मीटर उंचीवरचा शेंडा ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत आठ मीटरांहून अधिक झोंके घेतो. 'म्हादेई'च्या सुमारें पंचवीस मीटर उंच काठीचा झोंका ह्याच्या दुप्पट. वरचें काम बिघडलें तर एकट्या खलाशास त्या झोंक्यांत वर चढावें लागतें. म्हणून शेंड्यावरचें काम जमिनीवर असतांनाच निर्दोष करावयाचें, हा पहिला नियम.

शेंड्यावर आम्हांस दोन गोष्टी सांपडल्या. पहिली, चढत्या दोराच्या टोकास लोंबत असलेली आमची कडी. खिळा समुद्रांत, अर्धी कडी शिल्लक. दुसरी अधिक महत्त्वाची. शेंड्यावरच्या चाकाची खोबण अरुंद व टोंकदार होती. मागील मालकाच्या वेळीं होडीवर पोलादी तारेचा दोर होता. तारेनें चाकाच्या कडा कातरून धारदार केल्या होत्या. पुढें कोणीं तरी तार काढून साधा दोर ओंवला, पण चाक तेंच ठेविलें. परिणामीं दोराचें आवरण त्याच जागीं अर्धें कापलें गेलें होतें. कडी निसटली नसती तर पुढेंमागें दोर तुटला असता. एका चुकीनें दुसरी उघडी केली, एवढेंच तिचें पुण्य.

चाकाचें गणित सोपें आहे. आमच्या बालवाचकांसही समजेल. दोर एका बाजूनें वर जाऊन दुसऱ्या बाजूनें खालीं उतरला म्हणजे चाकाच्या आंसावर दोराच्या ताणाच्या दुप्पट भार येतो. दोरांत तीनशें किलोंचा ताण असेल तर आंसावर सहाशें. बुडाशीं दोर काटकोनांत वळतो. तेथील कप्पीवर सुमारें सव्वाचारशें. विकत घेतांना लोक दोराची शक्ति पाहतात, पण सर्वांत जड ओझें दोरावर नसून त्या चाकाच्या आंसावर असतें, आणि तेंच कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. शिवाय चाक फार लहान असेल तर दोराचे तंतू आंतल्या आंत एकमेकांवर घांसून मरतात. पॉलिएस्टरच्या दोरास त्याच्या जाडीच्या आठपट व्यासाचें चाक असावें. तारेस त्याहून पुष्कळ मोठें लागतें. चाक व त्याची पेटी ह्यांमध्यें फट इतकी कमी असावी कीं सुटलेला दोर तींत उतरून अडकूं नये.

चाक कोठें मिळणार? अंबरनाथास आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें लेथचें लहानसें दुकान आहे. संस्कृतांत त्यास आम्हीं दोनदां नापास केलें होतें. आम्ही कागदावर माप काढून नेलें. त्यानें कागद बाजूस ठेविला. "गुरुजी, दोर आणलाय का? दोर बघितल्याशिवाय खोबण कापणार नाहीं." आम्ही परत गेलों व दुसऱ्या दिवशीं दोराचा तुकडा घेऊन आलों. त्यानें ॲसिटल नांवाच्या कठीण प्लॅस्टिकच्या गोळ्यांतून ऐशीं मिलिमीटर व्यासाचें चाक कातलें. खोबण अर्धगोल, दोराहून किंचित् रुंद, कडा गुळगुळीत. मग दोर तींत ठेवून पुढेंमागें ओढून पाहिला, तेव्हां चाक हातीं दिलें. स्थूणानिखनन त्यास पाठ नव्हतें, येत होतें.

कडीसाठीं आम्ही उल्हासनगरच्या बाजारांत गेलों. चांदीसारख्या चकचकीत शॅकल्सची माळच दुकानांत टांगलेली होती, आणि किंमत ऐकून आमची जुनी काटकसर पुन्हां जागी झाली. म्हातारे सिंधी दुकानदार गल्ल्यावर होते. त्यांनीं विचारलें, "किस काम के लिए, मास्टरजी?" आम्हीं सांगतांच त्यांनीं आमच्या हातांतील कडी काढून घेतली. "यह फाटक के लिए है. कौन सा माल है, मैं लिखकर नहीं दे सकता. बच्ची को समुंदर में जाना है, तो यह मत लो." आलेलें गिऱ्हाईक त्या गृहस्थांनीं परत पाठविलें. त्यांचा माल आम्हीं घेतला नाहीं, पण त्यांच्या वाक्याची किंमत त्या सबंध माळेहून अधिक होती.

त्यांचें म्हणणें शास्त्राच्या दृष्टीनेंही बरोबर आहे. न गंजणारें पोलाद सगळें सारखें नसतें. स्वयंपाकघरांतील भांड्यांस ३०४ क्रमांकाचें चालतें. समुद्राच्या खारटपणास ३१६ क्रमांकाचें लागतें, कारण त्यांत मॉलिब्डेनम मिसळलेलें असतें. डोळ्यांस दोन्ही सारखींच दिसतात. म्हणून ज्या कडीवर क्रमांक व किती भार घालावा हें कोरलेलें असेल तीच घ्यावी. साधें पितळही समुद्रांत टिकत नाहीं; त्यांतील जस्त हळूहळू जातें व ठिसूळ तांबें उरतें. तसेंच पोलादाची कप्पी ॲल्युमिनिअमच्या डोलकाठीवर नुसती ठोकूं नये. खाऱ्या पाण्यांत दोन भिन्न धातु एकमेकांस टेकले म्हणजे त्यांतील हलका खाल्ला जातो. मध्यें विशिष्ट लेप अथवा पट्टी घालावी लागते. अंबरनाथचें शिवमंदिर इ. स. १०६० चें. त्याच शतकांतील धारच्या भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांत सांगितलें आहे कीं समुद्रगामी नौकेच्या तळाच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, कारण लोहचुंबकाचे खडक तिला ओढून घेतील. कारण चुकीचें आहे. परंतु समुद्र आणि लोखंड ह्यांच्या संगतीविषयींची सावधगिरी अगदींच निराधार नव्हती.

शेवटीं जी कडी घेतली तिचा खिळा कडींतून बाहेर पडतच नाहीं. तो ओढून, पाव फेरा फिरवून अडकवावयाचा. चापानें झटकन् उघडणाऱ्या कड्याही मिळतात, आणि त्या शर्यतवाल्यांस प्रिय आहेत. पण फडफडणाऱ्या शिडाशीं कशाला तरी अडकून चाप उघडण्याचा संभव असतो, म्हणून लांबच्या प्रवासास त्या नकोत. आट्यांचाच खिळा वापरणें भाग पडलें तर त्याच्या टोकाच्या भोंकांतून बारीक तार ओंवून ती कडीस बांधून टाकावी. हें दोन मिनिटांचें काम आम्हांस ठाऊक असतें तर झोपाळ्याची कडीही कदाचित् तगली असती. आणि कडी मुळींच नको असेल तर दोर सरळ शिडास बोलाईन नांवाच्या गांठीनें बांधतां येतो. गांठीनें दोराची एकतृतीयांशाच्या आसपास शक्ति जाते. परंतु दहा मिलिमीटर जाडीचा चांगला विणलेला दोर सुमारें दोन टनांस तुटतो. तिसरा हिस्सा गेला तरी गरजेहून पुष्कळ उरतो. म्हणजे आम्हांस काटकसरच करावयाची होती, तर झोपाळ्याच्या कडीपेक्षां फुकटची गांठ शतपट बरी होती. खरी काटकसर करावयासही माहिती लागते.

दोराच्या निवडींत मात्र पुतणीनें आम्हांस बोलूं दिलें नाहीं; प्रश्न तेवढे विचारूं दिले. नायलॉनचा दोर ताणला असतां फार लांबतो. नांगरास तो गुण, शिडास तो दोष. काथ्या समुद्रांत टिकाऊ खरा, पण तोही लांबतो व हातांस बोचतो. चढता दोर लांबला कीं शिडाची पुढची कड सैल पडते, शिडाचा फुगवटा मागें सरकतो, आणि वारा होडीस पुढें नेण्याऐवजीं आडवी करूं लागतो. इंग्लंडांत १९४१ सालीं व्हिनफील्ड व डिक्सन ह्या दोघांनीं शोधिलेल्या पॉलिएस्टरच्या धाग्यानें हा प्रश्न बराचसा सुटला. शेंड्यापासून क्लचपर्यंत दोर सतरा मीटर भरतो. शेंकडा दोन लांबला तरी चौतीस सेंटिमीटर, म्हणजे दीड वीत. विंचेचे चार फेरे दिले कीं ती भरून निघते. डायनीमा नांवाचा गाभा असलेला दोर ह्याच्या निम्म्याहून पुष्कळ कमी लांबतो, पण महाग असतो, आणि गुळगुळीत असल्यानें गांठ धरीत नाहीं. किनाऱ्यानें फिरणाऱ्या होडीस दुहेरी विणीचें पॉलिएस्टर पुरे. जाडी दहा मिलिमीटर घेतली ती नुसत्या शक्तीसाठीं नव्हे, तर ओल्या हातांत दोर नीट धरतां यावा म्हणून; आणि जुना क्लच त्याच जाडीस पकडतो म्हणून. क्लचच्या मापाहून बारीक दोर आणला तर तो दातांतून सरकतो.

ओंवण्याची रीत पाहून घरांतील स्त्रियांस मौज वाटेल. जुन्या दोराच्या टोकास नवा दोर सुईदोऱ्यानें टोकास टोक शिवून घेतात व जुना ओढतात. नवा त्याच्यामागून सबंध मार्ग आक्रमून येतो. परकराची नाडी ओंवण्याचीच ही युक्ति. दुसऱ्या टोकास इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखी गांठ मारून ठेवावी, म्हणजे हातून सुटला तरी दोर पार शेंड्यावर पळून जात नाहीं. विंचेकडे दोर किंचित् खालून वर येईल असा रोख ठेवावा. नाहीं तर वेढे एकमेकांवर चढून अडकतात. आणि पुढच्या शिडासाठीं असलेला दोर शेंड्याशीं पुढच्या तारेस अगदीं समांतर येऊं देऊं नये. शीड गुंडाळतांना तो तारेभोंवतीं पीळ खाऊन बसतो. म्हणून त्यास थोडें मागें ओढून धरावें.

सर्व सिद्ध झालें, तेव्हां खरा प्रश्न पुढें आला. चौघांचा बेत मुंबईहून गोव्यापर्यंत, सुमारें सव्वादोनशें सागरी मैल जाण्याचा होता. आमची भावजय ओसरीवर येऊन म्हणाली, "भाऊजी, तुम्ही नको म्हटलेंत तर ती जाणार नाहीं. तुमचा शब्द ती मोडीत नाहीं."

तेंच आम्हांस भय होतें. गेल्या वर्षींही तिनें आमचा शब्द मोडला नव्हता.

आम्हीं होकार दिला नाहीं आणि नकारही दिला नाहीं. रविवारीं दुपारीं सर्व मंडळींस ओसरीवर बसविलें. पुतणीनें कडी, दोराचा तुकडा, जुनें चाक व नवें चाक सतरंजीवर मांडलें. अट एवढीच, कीं ज्यास जें वाटेल तें त्यानें विचारावें, आणि "मला काय कळतें" असें कोणी म्हणूं नये. बंधूंनीं विचारलें, दोर मधोमध तुटला तर? ती म्हणाली, बूमचा दोर आतां मुद्दाम तेवढ्याच शक्तीचा घातला आहे, म्हणजे तो दुसरा चढता दोर आहे. पुढच्या शिडासही एक जादा दोर आहे. धाकट्या पुतण्यानें विचारलें, वर चढावें लागलें तर? बसण्याची झोळी आहे, आणि चढणाऱ्यास दुसऱ्या एका दोरानें खालून सांभाळावयाचें. आमच्या घरांतून प्रश्न आला तो सर्वांत खरा : "दोर कुठें झिजतो तें रोज कोण बघणार?" पुतणी थांबली. मग म्हणाली, "काकू, रोज सकाळीं मी. वहींत लिहीन." सर्वांत शेवटीं तिच्या आईनें नवी कडी हातांत घेतली, खिळा अडकविला, आणि ती कडी धरून दोन्ही हातांनीं खूप वेळ हलविली. खिळा जागचा हलला नाहीं. तिनें कडी खालीं ठेविली व चहा टाकावयास आंत गेली. तो होकार आम्हीं ओळखला.

वाचकहो, प्रत्येकाच्या घरीं होडी नसते. पण झोपाळ्याची कडी प्रत्येक घरीं असते. "चाळीस वर्षें चाललें" हें वडीलधाऱ्यांचें प्रमाणपत्र खरें असतें, पण तें ज्या जागीं चाललें त्या जागेपुरतेंच. मुलें नव्या जागीं जात असतां तें त्यांच्या हातीं ठेवण्यापूर्वीं त्यांचें घुटमळणें आपण पाहावें. त्या घुटमळण्यांत बहुधा एक प्रश्न असतो, आणि तो विचारला जावा अशी जागा करणें हेंच वडिलांचें काम.

होडी कार्तिक संपतां संपतां निघाली. आठव्या दिवशीं रात्रीं मालवणहून तिचा फोन आला. आम्हीं हवा विचारली नाहीं, जेवण विचारलें नाहीं, दोर विचारला. ती हंसली. "शेंड्याच्या चाकाशीं एकाच जागीं घांसायला लागला होता, मोठेकाका. म्हणून कडीकडचें टोक चार बोटें कापून पुन्हां बांधलें. आतां घांसायची जागा बदलली."

ती अर्धी कडी आम्हीं ओसरीच्या खुंटीस अडकवून ठेविली आहे. झोपाळ्यावर बसलें कीं समोर दिसते.